विहिणीने पाठवलेलं पान

वलवण, लोणावळा
९ जुलै २०२३

आदरणीय चंपाताई यांस,
रेणुकाचा सप्रेम जय भीम. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुमच्याकडची खुशाली करुणा फोनवर सांगते, पण तुमच्या झाडांची विचारली की आई, मला काय कळतं त्यातलं, असं म्हणून मोकळी होते. तेव्हा सासूने सुनेला जरा शिकवावं ही विनंती.

तुमच्या बेगोनियाच्या पानाला मुळं फुटली. आता माझी पाळी. सोबतच्या ब्रशच्या डबीत ओल्या कापसात आफ्रिकन व्हायोलेटचं पान आहे, आणि हे कुठलंही पान नव्हे. माझ्या खिडकीतल्या व्हायोलेटला आपोआप निराळं फूल आलं आहे. पांढऱ्या पाकळीच्या मधोमध जांभळी रेघ, पाचही पाकळ्यांना. असलं फूल ना नर्सरीत पाहिलं, ना आमच्या टपालाने एकमेकांना पानं पाठवणाऱ्या मंडळींत कुणाकडे. मी त्याचं नाव 'वलवण' ठेवलं आहे. देठ तिरका कापून कोकोपीटमध्ये खोचा, वर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि रोज उकरून बघू नका. तुम्ही बघता, मला करुणाने सांगितलं आहे.

आमचे हे म्हणाले की वलवणहून बेगडेवाडी लोकलने तासाभराचं अंतर, त्याला टपाल कशाला. त्यांना काय सांगू? मी सगळी नोकरी टपालाच्या खिडकीत काढली, माझा त्या पेटीवर भरवसा आहे. शिवाय तुमच्या घरी आले की मी विहीण असते. बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडली जाते, हातात सरबत येतं आणि झाडं असतात आत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. डबीतून आले की मी नुसती झाडवाली असते. ते मला बरं वाटतं.

जावई कैलासरावांना व करुणाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पानाबरोबर रुजावा.

आपली,
रेणुका


बेगडेवाडी
४ ऑक्टोबर २०२३

रेणुकाताई यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि. पानाच्या बुडाशी पिल्लं आली! उंदराच्या कानाएवढी आहेत, पण आहेत. रोज उकरत नव्हते, एक दिवसाआड उकरत होते. करुणाला बोलवून दाखवलं, तर ती पण गुडघ्यावर बसून बघत राहिली. सून तयार होते आहे, काळजी नसावी.

मी मात्र एक आगाऊपणा करून बसले आहे. विहारात सगळ्या बायकांना सांगितलं की माझ्या विहिणीकडे जे फूल आहे ते कुठंच नाही, आणि त्याचं पान तिने पहिलं मला दिलं. सरूमावशी, आमच्या शेजारच्या, लग्नात तुमच्या जिलेबीला नावं ठेवणाऱ्या, त्या म्हणाल्या की फूल दिसंल तवा खरं. मी सांगून टाकलं की बुद्धपौर्णिमेला खीर खायला या आणि डोळ्यांनी बघा. आता फुलवायची जबाबदारी माझी आणि रेघांची तुमची.

भाऊंना जय भीम सांगावा. असाच जीव लावत राहा.

तुमची,
चंपा


बेगडेवाडी
२६ मे २०२४

प्रिय आईस,
सप्रेम जय भीम. फोनवर बोलले तर घरात ऐकू जाईल, म्हणून लिहिते आणि कामावर जाताना पेटीत टाकते.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी व्हायोलेट उमललं. साधं जांभळं. एकसुद्धा रेघ नाही. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खीर ठरलेली होती, बायका यायच्या त्या आल्या. सरूमावशींनी फुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या की हे तर साधंच हाय, असलं बाजारात ढिगानं मिळतं, चांगलं ठिवून घेतलं विहिणीनं आन् हलकं धाडलं. कुणी हसलं, कुणी खिरीकडे बघितलं. सासूबाई खीर वाढत राहिल्या.

मला कुणी टोमणा मारत नाही, तू लगेच डोळ्यात पाणी आणू नकोस. पण ती कुंडी खिडकीतून उचलून त्यांनी न्हाणीघराच्या कठड्यावर ठेवली आहे, आणि तुझं नाव निघालं की त्या कुकरची शिट्टी मोजायला लागतात. यांना विचारलं तर म्हणाले, फुलावरून कुणी भांडतं का. आई, हे फुलाचं नाही. तू त्यांना हलकं धाडलंस असं त्यांच्या मनात बसलं, तर ते मला आयुष्यभर या घरात दिसत राहील. खरं काय ते कर.

बाबांना सांगू नकोस. तुझी माया मला नेहमीसारखी हवी.

तुझी,
करुणा


वलवण
१ जून २०२४

आदरणीय चंपाताई यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि. आडवळणाने लिहायची मला सवय नाही. फूल साधं निघालं हे कळलं. कसं कळलं ते विचारू नका.

मी रेघांच्या झाडाचंच पान कापलं. माझ्याकडे व्हायोलेटचं ते एकच झाड आहे, चुकायला दुसरं नाही. चांगलं ठेवून हलकं पाठवणारी बाई मी असते, तर ज्या घरात माझी लेक आहे त्या घरी पाठवलं असतं का? ज्यांच्याशी माझं काही देणंघेणं नाही अशा परगावच्या माणसांनाही मी याच झाडाची पानं पाठवली आहेत. तुमच्याकडे काही गडबड झाली असेल, कुंड्यांची अदलाबदल झाली असेल. एकदा बघावं.

रागावला असाल तर रागावल्याचं लिहा. गप्प बसू नका, एवढंच मागते.

आपली,
रेणुका


बेगडेवाडी
७ जून २०२४

रेणुकाताई यांस, जय भीम.
पत्र पोचलं. माझ्याकडे व्हायोलेटची कुंडी एकच आहे, अदलाबदल व्हायला दुसरी नाही. करुणा सुखात आहे. काळजी नसावी.

चंपा


वलवण
१४ जुलै २०२४

आदरणीय चंपाताई यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि. मागच्या पत्रात मी तुमच्या कुंड्यांवर ढकललं, ते मागे घेते. तुमचं चार ओळींचं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग ठरवलं, नुसतं चिडून काय होणार. ज्यांना ज्यांना त्या झाडाचं पान पाठवलं होतं त्या सगळ्यांना विचारलं. कोल्हापूरची मंडळी, साताऱ्याची एक बाई, नाशिकचे श्रीपतीकाका. चंपाताई, सगळ्यांकडे साधं जांभळं आलं आहे! येऊन महिने झाले, आणि एकानेही मला सांगितलं नाही. बिचाऱ्या रेणुकाताईंना वाईट वाटेल, असं म्हणून सगळे गप्प. त्यांच्या सभ्यपणापेक्षा तुमचा राग बरा. त्याने निदान मला उठवलं.

श्रीपतीकाका या झाडांत मुरलेले आहेत. ते म्हणाले, रेघांचं फूल पानातून कधीच उतरत नाही. पान लावलं की झाड होतं, पण रेघ मागेच राहते. ती हवी तर फुलाचा दांडा लावायचा. दांड्यावर मध्ये दोन इवलीशी पानं असतात, तिथून जे रोप फुटेल ते आईसारखं. हे मला माहीत नव्हतं. मोठ्या तोऱ्यात नाव ठेवलं, पानं वाटली, आणि स्वतः एकदाही लावून बघितलं नाही. चूक माझी आणि फक्त माझी.

तेव्हा दांडा पाठवते आहे. या पावसाळी हवेत झाडाला एकच आला आहे, एक उमललेलं फूल आणि दोन कळ्या. आमचे हे म्हणाले की फुललेलं झाड बोडकं करून टपालात घालणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. फूल मी मुद्दाम खुडलं नाही. एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा, मग लगेच खुडा आणि दांडा दोन पानांपर्यंत मातीत खोचा. उशीर झाला तर दांडा मऊ पडतो. पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही.

विश्वास ठेवा असं म्हणत नाही. रोप फुटलं की आपोआप बसेल. तोवर थोडा लोभ उधार द्यावा.

आपली,
रेणुका


बेगडेवाडी
२३ जुलै २०२४

रेणुकाताई यांस,
सप्रेम जय भीम. वि. वि. डबी शनिवारी दुपारी आली. उघडली आणि चष्मा लावला. पाचही पाकळ्यांना रेघ, जशी रूळ लावून ओढलेली. राग आला होता, खोटं कशाला बोलू. फुलाचा नव्हता. माझ्या विहिणीने मला चार बायकांत खाली बघायला लावलं, याचा होता. करुणाशी मी वाकडं बोलले नाही, पण सरळही बोलले नाही, हे तिला विचाराल तर ती सांगणार नाही. म्हणून मीच सांगते.

करुणाने कुंडी तयार केली. पाटी वाचल्यासारखी तुमचं पत्र वाचत होती: खुडा, खोचा, उशीर करू नका. मी तिला थांबवलं. दुसऱ्या दिवशी आषाढी पौर्णिमा, विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू व्हायचं, सगळ्या बायका जमणार. खिरीला आलेल्या सगळ्या. करुणा म्हणाली, आई, अहो दांडा मऊ पडेल, मग रोप नाही व्हायचं. मला कळत होतं. नीट कळत होतं.

रात्रभर दांडा पाण्याच्या वाटीत ठेवला आणि सकाळी तसाच विहारात नेला. वंदना झाल्यावर वाटी पुढे ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की हे माझ्या विहिणीचं फूल, तिच्या एकुलत्या झाडावरचं, तिने मला कधी हलकं दिलं नाही, आणि मे महिन्यात जे कुणी हसलं त्यांनी आता पुढे येऊन बघावं. सरूमावशी सगळ्यांत आधी आल्या. अंगठा जिभेला लावून पाकळी चोळून पाहिली, शाईबिई लावली आहे का म्हणून! रंग काही निघाला नाही. मग म्हणाल्या, व्हय, खरंच हाय की. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे आमच्या वाडीत पुष्कळ झालं. नंतर वाटी हातोहात फिरली, पोरींनी फोटो काढले, कुणी हुंगलंसुद्धा.

घरी येईपर्यंत दांडा मऊ पडला होता. तरी मातीत खोचला, आज कुजला. रोप नाही होणार. करुणा हळहळली. मला नाही वाटली हळहळ. रोप घरात कोपऱ्यात वाढलं असतं आणि ते बोल बायकांच्या मनात तसेच राहिले असते. ज्या बायकांत पडले होते त्यांच्यातूनच मला ते उचलायचे होते.

जांभळी कुंडी न्हाणीघरातून परत खिडकीत आणली आहे. ती पण तुमच्याच झाडाची लेक, तिने काय पाप केलं. आता दुसरा दांडा आला तर तोडू नका आणि टपालातही घालू नका. झाडासकट तुम्ही या. दांडा आपण दोघींनी मिळून लावू, मला एकटीला भरवसा नाही, मी उकरून बघते.

तुमची वाट बघणारी,
चंपा


वलवण
२७ जुलै २०२४

चंपाताई,
जय भीम. तुमचं पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, पण विहारातल्या गोष्टीशी आले आणि पत्र त्यांच्याच हातात दिलं. बाकीचं त्यांनी वाचलं.

झाडाला नखाएवढा नवा दांडा दिसतो आहे. तो लांबला की लोकलने येते, कुंडी मांडीवर घेऊन. बाहेरच्या खोलीत खुर्ची मांडू नका. खिडकीखाली पाट ठेवा, दोन.

तुमची,
रेणुका