फळी काढून खिडकी उघडावी

मी, मेहिटेबल पिंकम, आमच्या चर्चचे दिवंगत डीकन ॲसाहेल पिंकम यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार वेस्ट हॅलम, न्यू हॅम्पशायर. गुडघे गेलेत, डोके शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय हे सांगते आहे. लिहून घेत आहेत शाळेचे मास्तर इलायफलेट ड्रू. ते मध्येच म्हणतात, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही." बसवा म्हटलं.

एक. हे निवासी विद्यालय डीकननी आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत काढले. शाळा विश्वस्तांची झाली. स्वयंपाकघर आणि मागची खोली माझ्या नावे कायमची राहिली. अठ्ठावीस वर्षे परगावच्या पोरांना मक्याची लापशी मी घातली, त्यांचे ताप मी काढले. संस्थापक म्हणून पाटीवर नाव एकट्या डीकनांचे. असो.

दोन. स्वयंपाकघर मी विश्वस्तांना देते, पण अटीवर. वर्गाच्या भिंतीत ताटे सरकवायची खिडकी होती. माझी एकुलती एक लेक केटुरा तिथे भांडी पुसत लॅटिन ऐकायची. लिहायलाही तिथूनच चोरून शिकली. एकदा एक पोरगा अडखळला आणि हिने आतूनच उत्तर दिले. सगळा वर्ग हसला. डीकननी त्याच दुपारी खिडकीवर फळी ठोकली. ती फळी काढावी. वर्गात मुलींसाठी बाक ठेवावा आणि त्यांना लिहायला शिकवावे. आमच्याकडे मुलींना बायबल वाचण्यापुरते शिकवत, लिहिणे मुलग्यांचे. मला छापील वाचता येते, हाताने लिहिलेले लागत नाही.

तीन. मागची खोली, निळी रजई आणि माझा चरखा केटुराला. फळी ठोकली त्याच वर्षी ती ओहायोकडे निघालेल्या गाड्यांबरोबर गेली. तिची पत्रे डीकन वाचून दाखवत, उत्तरेही तेच लिहीत. मी म्हणायची, "अहो, लिहा ना, घरी ये, आई वाट बघते." ते म्हणायचे, "लिहिलं." ते वारल्यावर ड्रूमास्तरांनी तिचे शेवटचे पत्र वाचले: "आई, आधी माफी माग असं तूही म्हणत असशील, तर मी पुन्हा लिहिणार नाही." बाई गं! माझ्या नावाने ते काय लिहीत होते, ते मला तेव्हा कळले. डीकनांचे घड्याळ विश्वस्तांनी न्यावे. मला त्याची टिकटिकही नको.

ड्रूमास्तरांनी माझ्या वतीने तीन पत्रे धाडली. उत्तर नाही. कसे येईल? अक्षर पुन्हा शाळेतल्याच पुरुषाचे. पोरीने का विश्वास ठेवावा? दाराशी गाडी थांबली की अजून मी हातातले टाकून उठते.

चार. म्हणून गेला हिवाळाभर मी पाटीवर अक्षरे गिरवली. मास्तर म्हणाले, "बाई, अक्षर वाकडं येतंय." म्हटलं, "येऊ दे. वाकडं असेल तरच ते माझं आहे हे तिला पटेल." या कागदाची एक प्रत आजच ओहायोला जावी, माझ्या मरणासाठी थांबू नये. दोन्ही प्रतींवर सही आणि सहीखालची ओळ माझ्या हातची आहे.

वेस्ट हॅलम, ९ ऑक्टोबर १८०९.

आमच्यासमक्ष सही केली: इलायफलेट ड्रू, मास्तर. झॅडॉक टिल्टन, लोहार. पनाइना टिल्टन, त्याची बायको, निशाणी ×.

मेहिटेबल पिंकम

केटुरा मी माफी माग कधीच म्हटलं नाही घरी ये