तापलेल्या फोनवरचं कुलूप

४ मे, सोमवार
अहवाल गेला एकदाचा. वेगात एईएस पहिला, सर्पंट शेवटचा. केतकीचा लगेच फोन, "सुटलो बाई! येत्या सोमवारी क्लायंटला हेच दाखवायचं." पाच वर्षं घरी बसल्यावर मला पुन्हा कामाला घेणारी ही एकटीच. तेही मी पुण्याला न जाता, इथे आमच्या गावच्या शुक्रवार पेठेत बसून. तिला तोंडघशी पाडायचं नाही.

तरी मन खातंय. गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या फोनमध्ये रुग्णांच्या नोंदी असतात. त्या आमच्या कोडच्या लायब्ररीने कुलूपबंद होणार, आणि त्यात कोणता ब्लॉक सायफर, म्हणजे कुलपाचा कोणता प्रकार, घालायचा ते मी सांगायचं होतं. फोन स्वस्तातले. एईएस पळवायचा तर तक्त्यांतून आकडे उचलत पळवावा लागतो. त्याला लागणारा वेळ किल्लीनुसार बदलतो. फोनमधलंच दुसरं एखादं ॲप तो वेळ मोजत बसलं, तर किल्ली हाती लागू शकते. सर्पंटमध्ये तक्तेच नाहीत. पण तिप्पट हळू. अहवालात हे लिहिलंय, तळटीप म्हणून. भित्री मी.

५ मे
नणंद आलीय मोडनिंबहून, दाताचं काम आहे. सुनंदा स्वतःही आरोग्यसेविका. माझ्या टेबलावरचा चाचणीचा फोन तिने सहज उचलला आणि झटकन ठेवला. "अगं बया! वैनी, ह्याच्यावर भाकर टाकली तर फुगंल की!"

हसले. मग हसू गेलं. ही पत्र्याची खोली, भर दुपार, आणि दर वेळी क्रम तोच: आधी एईएस, शेवटी सर्पंट. फोन तापला की आपणहून मंद होतो, हे मला माहीत नव्हतं थोडंच? एकदाही क्रम उलटा करून पाहिला नाही. मूर्ख, मूर्ख.

६ मे
क्रम उलटा केला. एईएस रडायला लागला. मग दर फेरीआधी फोन ओल्या फडक्यावर, कूलरसमोर. सासूबाई दारातून, "ताप आलाय व्हय गं त्याला?"
खरा निकाल: सर्पंट दीडपट हळू. तिप्पट नाही. तक्त्यांशिवायचा एईएसही लिहून पाहिला, लहान नोंदींवर तो सर्पंटपेक्षा जड.
केतकीला अजून सांगितलं नाही.

७ मे
सांगितलं. केतकी म्हणाली, "दीडपट म्हणजे हळूच ना? मग निकाल बदलला कुठे?"
तक्त्यांचं बोलले.
"अगं, जग एईएस वापरतं. आपल्याला कोणी विचारणार नाही. आणि मोडनिंबात कोण बसलंय वेळ मोजत?"
तिचं अगदीच चूक आहे असंही नाही, हाच तर त्रास.

८ मे
सुनंदाला म्हटलं, तुझा फोन बघू. चार ॲप कर्ज देणारी, कुठून कुठून उतरवलेली. "ती दिराची. त्येंचा फोन फुटल्यापास्नं रातीला माजाच घेत्यात." ती ॲप फोनभर हवी ती परवानगी घेऊन बसलीत. वेळ मोजत बसायला यांतलं एकही पुरे.
तुझ्या नोंदींत काय काय असतं गं, विचारलं. तिने आवाज खाली आणला. "एक बाई हाय. टीबीच्या गोळ्या चोरून खाती. घरात कळलं तर म्हायेरी धाडतील. शपत घातलीय तिनं मला."
कोण, ते मी विचारलं नाही. आता ती बाई डोक्यातून जात नाही.

९ मे
सुनंदाच्या फोनवर सर्पंटवालं ॲप घालून दिलं. ती दुपारभर पेठेत हिंडून आली, सवयीसारखी, फोन हातात, उन्हात. खोट्या नोंदी भरल्या. आल्या आल्या म्हणाली, "लई येळ खातंय हो. बाया उनात हुब्या असत्यात. असलं आसंल तर मी ते कुलूपच बंद करून ठीवीन."
ओरडले तिच्यावर. "मग सगळं उघडंच टाक की गावात!" बिचारी आत गेली. नंतर चहा दिला, माफी मागितली. तिचं काय चुकलं?
तिचा फोन रोज तापलेलाच असतो. ओल्या फडक्यावर आणि कूलरसमोर मी जे मोजलं ते कुणाच्या कामाचं? मग एईएसवालंही देऊन पाहिलं: तापल्यावर तोही मंदच, पण तेवढा वेळ ती थांबते. सर्पंटसाठी थांबत नाही. पळणारं कुलूप फोडता येतं आणि न फुटणारं ती लावणार नाही.

१० मे, रविवार
केतकीचा मेसेज. "उद्या अकराच्या आत एक नाव पाठव. मी तेच सांगेन. कारणं नकोत."
म्हणजे सगळं माझ्यावर. राग आला, आणि बरंही वाटलं. सर्पंट थोडा पळवता येतो का पाहतेय. येतोय, पण पुरेसा नाही. अजून...

११ मे, सोमवार
सुनंदाला एसटी स्टँडवर सोडून आले. गाडी लागली होती. पायरीवर उभी राहून तिने विचारलं, "मग कंचं कुलूप ठिवू?"
म्हटलं, अजून ठरत नाही गं. दोन दिवस दे.
"बरं. तवर त्या बाईची फुडची नोंद मी भरतच न्हाय."
"आणि तिच्या गोळ्या?"
"नोंद न्हाय तर दवाखान्यातनं गोळ्या सुटत न्हाईत, वैनी."
कंडक्टरने घंटी दिली. ती आत जाऊन बसली, खिडकीतून हात केला.
अकराला दहा मिनिटं कमी. केतकीच्या चॅटच्या खिडकीत कर्सर लुकलुकतोय. एक नाव लिहिलंय, पाठवलेलं नाही.