बाबांच्या कोकोबागेतले लाल पट्टे

मी, एबेनेझर न्यार्को, वय ७५, निवृत्त कृषी अधिकारी, राहणार अमानफ्रोम, घाना, पूर्ण शुद्धीत आणि कुणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि मागची, मी स्वतः लावलेली दोन एकर कोकोबाग माझा आतेभाऊ कोफी बादू याची मुलगी सेरवा हिला द्यावी. माझ्या मुलांनी वाईट वाटून घेऊ नये, कारण सांगतो. आमच्या रीतीने बापाची बाग मुलाला नाही, भाच्याला मिळते. म्हणून बाबांनी बाग कोफीसाठी राखली आणि मला कुमासी शहरात पाठवून शेतकीशास्त्र शिकवले. १९७० साली मी अधिकारी होऊन परतलो, तेव्हा बागेत फांद्या सुजण्याचा रोग शिरला होता. त्यावर औषध नाही. रोगट झाडे तोडायची, शेजारची धडधाकट दिसणारीही. कोफीच्या वाट्याच्या त्या बागेत, तोडायच्या झाडांवर लाल पट्टे मी मारले.

कोफी म्हणाला, "अरे, ही तरी सोड! हिरवीगार आहेत."

"रोग आत असतो, कोफी. दिसत नाही."

बाबांनी मजुराच्या हातातली कुऱ्हाड घेतली. "परक्यानं नको. मी लावलीत, मीच पाडतो."

चार दिवस पाडत होते. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. दीड वर्षाने गेले. आसपासच्या बागा वाचल्या. माझे शास्त्र चुकले नव्हते. आयुष्यभर एवढाच आधार होता, आणि तो पुरला नाही.

२. सूक्ष्मदर्शक आणि कलमाचे चाकू गावच्या शाळेला. चाकूंना तेल लावत जावे.

३. माझे सहकारी श्री. आसिएदू यांनी अंत्यविधीला यावे, पोटभर जेवावे, पण भाषण करू नये. "यानं सख्ख्या बापालाही सोडलं नाही!" असे सांगून त्यांनी तीस वर्षे सभांमधून टाळ्या घेतल्या. मी प्रत्येक वेळी मान खाली घालून बसलो.

४. मला आईच्या कुळाच्या जागेत पुरावे. आमच्यात कूळ आईकडून येते, म्हणून बाबांचे कूळ वेगळे. त्यांच्याशेजारी जागा मागून त्या लोकांना संकोचात टाकू नये.

५. शेवटच्या घटकेला बाबांपाशी कोफी होता. ते काय बोलले, हे त्याने कधी सांगितले नाही. गेल्या महिन्यात अंथरुणावरून त्याने मला जवळ बोलावले.

"मामा म्हणाले, पोरानं पट्टे सरळ मारले. हात जरासुद्धा थरथरला नाही त्याचा."

दोन दिवसांनी कोफीही गेला.

माझा हात तेव्हा थरथरत होता. प्रत्येक पट्टा मी दुसऱ्यांदा गिरवून सरळ केला होता. हे पाचवे कलम बाबांच्या कुळातल्या माणसांसमोर मोठ्याने वाचावे.

साक्षीदार: ग्रेस ओफोसुआ, शिक्षिका, सॅम्युएल ताक्यी, शेतकरी. दोघांनी माझ्यासमोर, मी दोघांसमोर सही केली.

एबेनेझर न्यार्को
अमानफ्रोम, ११ मार्च २०१९