छातीतली डबी

३ सप्टेंबर १९८४, सानगडी
बदली झाली ती झाली, गाव मात्र झकास आहे. शाळेला लागून तळं, चहूकडे धान. खोली गिरजाबाईंकडे मिळाली. विधवा बाई, घरात त्या आणि त्यांचा एका डोळ्यानं अधू भाऊ भोजराज. पहिल्याच जेवणाला बाईंनी चौकशा सुरू केल्या. नवरा कुठं, पोरं किती, गळ्याखाली उंचवटा कायचा. मी काही लपवत नाही. सांगितलं, नागपूरला ऑपरेशन करून पेसमेकर बसवलाय, हृदय अडलं की तो चालवतो. मीठही बंद आहे माझं. बाईंचा हात वाढता वाढता थांबला. म्हणाल्या, आमच्या मालकालेबी हेच मशीन होतं.

११ सप्टेंबर
बाईंच्या मालकांची, टिकारामजींची हकीकत कळली. जाळण्याआधी छातीतली पेसमेकरची डबी काढायची असते हे कुणाला ठाऊकच नव्हतं, ती चितेत फुटली. भोजराजचा डोळा त्यातच गेला. ऐकून वाईट वाटलं. पण मग बाई म्हणाल्या, माणूस तर पयलेच गेला राह्यते, नुसतं मशीन चालून राह्यते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, फळ्यावर गणितं मशीन सोडवत नाही, मी सोडवते.

१९ सप्टेंबर
पित्तर, म्हणजे पितृपक्ष सुरू आहे. आज छपराच्या कवेलूंवर कावळ्यासाठी दोन पानं ठेवलेली. एक टिकारामजींचं. दुसरं कुणाचं विचारलं तर बाई चुलीकडे वळल्या. मी ते खाली उतरवलं, चाखलं. भाजी अळणी. या घरात अळणी फक्त मी खाते.
अंगणात मांडी घालून सगळं पान संपवलं, बाईंच्या देखत. हेडमास्तर म्हणतात खोली बदला. काहून बदलू? मी मेलेली आहे काय?

२५ सप्टेंबर, अमावास्या
शाळेला सुट्टी. भोजराज सकाळपासून विळ्याला धार लावून राहिलाय. बाईंनी कोरं कापड आणलं —

दुपार
माझ्या खोलीला बाहेरून कडी लावली. खिडकीतून हाका मारल्या. शेजारी अंगणात येऊन बसलेत, मयतीला बसतात तसे, खाली मान घालून —

मुसळ घेतलंय हातात. येऊ दे. भोजराजचा उरलेला डोळाही —

तो दाराआडून समजावतो. डबी पयले काढून घेऊ, मास्तरीणबाई, मंग नीट जाळू, कोनाले लागनार नाही —

ओरडून सांगितलं, हात लावून पाहा, अंग गरम आहे माझं. जिवंत आहे मी.

गिरजाबाई म्हणाल्या, मालकाचंबी गरमच होतं.

कडी निघाली. मी दाराशीच उभी आहे, या म्हणावं, कोण आधी —