गॅरेजच्या दाराचं काय करायचं

बेमिजी, मिनेसोटा
९ फेब्रुवारी

प्रिय ऑडेलिया,

टपालात माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. दर रविवारी आपला फोन होतो, पण तेव्हा लोवेल शेजारी बसलेला असतो आणि आम्ही मायलेकरं हवामानाच्या पुढे जातच नाही. तिकडे ऊन किती, इकडे बर्फ किती, 'बरं, ठेवू का मग?' की संपला फोन. मला जे बोलायचंय ते तुझ्याशी बोलायचंय, आणि ते लिहूनच जमेल. आमच्या गॅरेजचं दार मोडलं. दुरुस्त करायचं की नवं बसवायचं, हे आज सकाळपर्यंत सांगायचं होतं. सांगितलं. तू म्हणशील, तुमचं घर, तुमचं दार, त्यासाठी मला चार पानी पत्र कशाला? पण नोव्हेंबरात तू मला तुमच्याकडे कायमचं राहायला बोलावलंस, मी नको म्हटलं, आणि तेव्हापासून या घरातलं काहीही ठरवायला बसले की ते 'नको' मधे येतं.

ते दार तुला चांगलंच ठाऊक आहे. तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तुला ते दार वाटलंच नव्हतं म्हणा! आठवतं? लोवेल गाडीतून बॅगा काढत होता आणि तू शहाण्या मुलीसारखी गुडघाभर बर्फ तुडवत घराच्या पुढच्या दाराशी जाऊन घंटा वाजवलीस. त्या दाराने आमच्याकडे फक्त पाद्री आणि विक्रेते येतात. हिवाळ्यात तर तेही नाहीत. तुझा सासरा हार्लन आतून खांदा लावून ढकलतोय, दार गोठून चिकटलेलं, मी किटलीतलं गरम पाणी चौकटीवर ओततेय, आणि बाहेरून तुझा आवाज, 'मी चुकीच्या घरी आले का?' मी हार्लनला म्हटलं, 'अरे, पोरगी गोठून मरेल, दुसरीकडून आण तिला!' मग तू गॅरेजमधून आलीस, बर्फ उकरायचं फावडं, मासेमारीचं सामान, बटाट्यांची पोती ओलांडून. तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की हे कसले लोक, पाहुण्याला अडगळीतून आत घेतात. अगं, परक्याला पुढचं दार, आपल्याला गॅरेजचं. त्या दिवशी तू आपली झालीस, पण हे तुला सांगायचं कोणाला सुचलंच नाही.

दार बसवलं त्या वर्षी लोवेल नऊ वर्षांचा होता. हार्लन आणि शेजारचा वेंडल, दोघांनी मिळून दोन दिवसांत बसवलं आणि दोन्ही दिवस एकमेकांशी भांडले. वेंडल म्हणायचा पत्र्याचं घे, रंगाची कटकट नाही. हार्लनला लाकडाचंच हवं होतं. झालं! पुढे दर तीन-चार वर्षांनी उन्हाळा आला की आम्ही नवरा-बायको दोन शिड्यांवर, हातात हिरवा रंग. रंगवताना तो शिट्टी वाजवायचा आणि मी त्याचे राहिलेले कोपरे दाखवत राहायचे. एकदा तर रंग सुकून दोन दिवस झाले नव्हते आणि या गृहस्थाने दार न उघडताच गाडी मागे घेतली. रविवारची सकाळ, माझ्या मांडीवर चर्चसाठी केलेला केक. धाडकन आवाज आला, केक माझ्या चांगल्या झग्यावर. हार्लन आरशात बघत इतकंच म्हणाला, 'हं. बंद होतं वाटतं.' खालच्या फळीवर ठिगळ आहे ना, ते त्या दिवसाचं. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही, आणि आज ते आठवलं की इतकं हसू येतं की डोळ्यांत पाणी येतं.

आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी! दार वर गेलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, हार्लन घरी आहे. तो दारातच खुर्ची टाकून रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत बसायचा. बोलवावं लागायचं नाही कोणाला. एक जण पाना मागायला यायचा, दुसरा पहिल्याला शोधत यायचा, थंड पेटीतून बिअर निघायची, मी आतून काहीतरी खायला आणायचे. लोवेल त्याच जमिनीवर मासा साफ करायला शिकला, तिथेच त्याने मला सांगितलं की न्यू मेक्सिकोत एक मुलगी भेटलीय, म्हणजे तू. हार्लनच्या अंत्यविधीनंतरही माणसं तिथूनच आत आली, हातात जेवणाची झाकलेली भांडी घेऊन. नंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी एकदा दार उघडून त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं. माणसं आली गं, सगळी आली. पण माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. मी पुन्हा उघडून बसले नाही.

आता मोडलं कसं ते सांगते, आणि रागावू नकोस. मागच्या मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात होते, गॅरेजमधून बंदुकीच्या गोळीसारखा आवाज आला. दाराची वरची स्प्रिंग तुटली होती. थंडीच तशी, शून्याखाली तीस. स्प्रिंग गेली की ते दार म्हणजे नुसता धोंडा, यंत्राने उचलत नाही. कचऱ्याची गाडी यायची वेळ, पिंप आत अडकलेलं. मी म्हटलं, हाताने उचलू. हो, एकोणऐंशीव्या वर्षी! वीतभर उचललं आणि पाय सरकला. मोडलं काही नाही, पण उठता येईना. गाडीच्या चाकाला टेकून तासभर त्या गार जमिनीवर बसून होते. सगळ्या गल्लीची पिंपं बाहेर आणि माझंच नाही, हे वेंडलला खटकलं म्हणून तो बाजूच्या लहान दाराने आत आला. तो स्वतः त्र्याऐंशीचा. दोघं मिळून एकदाचे उभे राहिलो. तो विचारतो, 'कशी आहेस?' मी म्हटलं, 'ठीक आहे, याहून वाईट होऊ शकलं असतं.' ओठ निळे पडले होते माझे. आणि रविवारी तुम्हाला फोनवर काय सांगितलं? बर्फ पडला म्हणून.

मग बुधवारी दारं दुरुस्त करणारा आला, गेलन नावाचा. साठीचा, मोठ्या मिशांचा, बोलायला संथ. खालची फळी नखाने टोकरली तर भुसा पडला, तारा गंजलेल्या. म्हणाला, 'बाई, दोन्ही होईल. नवी स्प्रिंग, नव्या तारा, खालची एक फळी, इतकं केलं तर दोन-तीन हिवाळे निघतील. नवं बसवलं तर तीस वर्षं बघायला नको.' मी म्हटलं, 'तीस वर्षांनी मी एकशे नऊची होईन.' तर तो पठ्ठ्या म्हणतो, 'मग बटण जरा खाली लावून देतो, खुर्चीतून दाबता येईल.' हसलो दोघंही. मग त्याने वहीतून डोकं वर काढून सहज विचारलं, 'तुम्ही इथे किती वर्षं राहणार आहात, त्यावर आहे सगळं.' ऑडेलिया, इतक्या सरळ हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, 'कॉफी घेणार?'

तो म्हणाला, 'नको नको, त्रास कशाला.' मी म्हटलं, 'केलेलीच आहे.' तो म्हणाला, 'छे, निघायला हवं, आणखी दोन घरं आहेत.' मी म्हटलं, 'अर्धा कप तरी.' मग म्हणाला, 'बरं, ओतूनच टाकायची असेल तर,' आणि तीन कप प्याला, सोबत केकचे दोन तुकडे. यात मला काही विशेष वाटलं नाही, कारण आमच्याकडे असंच असतं. पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही, म्हटलं तर हावरट दिसतं. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यांदा विचारलं की कळतं समोरच्याच्या मनात खरंच आहे, मग हो म्हणायचं. माझी आई अशीच वागली, मी अशीच वाढले. तो कप धुताना माझे हात थांबले. मला नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची दुपार आठवली. गॅरेजमध्ये गारठ्यात ठेवलेल्या पंपकिन-पायच्या थाळ्या आणायला आपण दोघी गेलो होतो. तू दोन्ही हातांत थाळ्या धरून उभी होतीस आणि म्हणालीस, 'आई, चला ना आमच्याकडे राहायला. मागची उन्हाची खोली तुमचीच आहे.' आणि मी म्हटलं, 'नको गं, तुम्हाला कशाला त्रास.' तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस, म्हणालीस, 'बरं, तुमची इच्छा,' आणि आत गेलीस.

मी तुझ्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिले. जेवताना वाटलं, आता काढेल विषय. भांडी विसळताना वाटलं, आता. तुम्ही निघालात तेव्हा मी अंगणात अर्धा तास बोलत उभी राहिले, पाय बधिर झाले तरी. तू मला मिठी मारलीस आणि गाडीत बसलीस. मग मी काय समजले माहीत आहे? की तू फक्त विचारायचं म्हणून विचारलंस, आणि मी नको म्हटल्यावर सुटलीस. अडीच महिने मी हा राग मनात धरला. तुझ्यावर! अन् तुझ्या माहेरी नको म्हणजे नको असतं, हो म्हणजे हो, हे मला बावीस वर्षांत कळायला नको होतं? माणसाने सांगितलं ते खरं मानायचं, तोच मान, असं तूच मला एकदा म्हणाली होतीस. तू माझा मान राखलास आणि मी त्याला तुटकपणा म्हटलं. लोवेलला तू सांगितलं असशीलच, आई नको म्हणाल्या. आणि तो म्हणाला असेल, 'नको तर नको.' इतकी वर्षं तुमच्याकडच्या उन्हात राहून पोराच्या डोक्यातून आईची रीतही वितळून गेली! भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणत मी स्वतःला इथे कोंडून घेतलं, आणि दोष दिला तुला. माझं चुकलं.

आज सकाळी मी गेलनला फोन करून सांगितलं, नवं दार नको. स्प्रिंग बदला, तारा बदला, फळी बसवा. तो म्हणाला, 'दोन-तीन हिवाळेच निघतील हं बाई.' मी म्हटलं, 'मला तेवढेही नकोत.' हे वेंडलला अजून माहीत नाही, लोवेलला माहीत नाही. पहिल्यांदा तुला सांगतेय. मला इथे एकटीला राहायचं नाही, ऑडेलिया. मला तुमच्याकडे यायचंय. तू पुन्हा विचारशील म्हणून थांबले तर मी त्या गॅरेजच्या जमिनीवरच थांबून राहीन, म्हणून न विचारताच हो म्हणतेय, मेली लाज वाटली तरी. आता अडीच महिने झालेत. ती खोली तू दुसऱ्या कशाला घेतली असशील, मनही बदललं असेल. तसं असेल तर तसंच सांग. वाईट वाटेल मला, खोटं कशाला बोलू, पण रुसणार नाही. एकदाच सांग. तुझं 'नको' मी पहिल्याच वेळी खरं मानीन.

तुझीच,
आर्डिस