अंगठीवरचा मध

बोरिवली,
६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुचिरा हिस,
अ. उ. आ.

सुशांत ऑफिस सुटलं की गोरेगावहून आधी माझ्याकडे येतो, दोन घास खातो आणि मग तुझ्या माहेरी मुलुंडला पळतो. काल आला तो हसतच. तू म्हणे ‘कोयंडे परिवार’ ग्रुप सोडलास, फोन नवऱ्याच्या हवाली केलास आणि फर्मान काढलंस, की लेकीबद्दल ज्याला उपदेश करायचाय त्याने तो स्वतःच्या हाताने कागदावर लिहून, खाली सही ठोकून पाठवावा. बरी खोड मोडलीस गो सगळ्यांची! आमचा लवू सकाळ झाली की बाळाच्या बेंबीत हे घाला, नाकात ते सोडा असं ढीगभर पाठवायचा. आता म्हणे त्याला घरात पेन सापडत नाही.

मला सापडलं. सही करायला मी कुणाच्या बापाला भीत नाही, म्हणून लिहिते.

सुशांतला बहीण नाही, तेव्हा पुढच्या शुक्रवारी बारशाला नाव मीच ठेवणार. ते ठेवून झालं की माझ्या लग्नातली अंगठी मधात बुडवून मी चेडवाच्या जिभेला लावणार. सुशांतला लावला, हर्षदला लावला, घरातल्या प्रत्येक पोराच्या जिभेवर पहिला गोडवा या आत्याच्या हातचा आहे. मला स्वतःचं मूल नाही, पण या अंगठीवर माझी अख्खी पलटण वाढली. गावच्या रानातला मध मुद्दाम मागवून ठेवलाय. सुशांत सांगत होता, तुझ्या डॉक्टरीणबाई मधाला नाही म्हणतात. मग ऐक, मध नाही तर मीही नाही. घुगऱ्या तुमच्या तुम्ही खा.

लोभ आहेच, तो बारशापर्यंत टिकवणं आता तुझ्या हातात.

तुझी,
रत्नप्रभा आत्या (ही घे सही!)


मुलुंड,
७ नोव्हेंबर २०२५, सकाळ

ती. स्व. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

इतक्या मोठ्या खानदानात पत्र लिहिणाऱ्या एकट्या तुम्ही निघालात. वाचून आधी हसले, मग शेवटच्या ओळींना रडू आलं. आई म्हणते बाळंतिणीने रडू नये, पण बाळंतिणीने काय काय करू नये याला आमच्या घरात अंतच नाही.

आत्या, तुमच्याशिवाय बारसं नको आहे मला. पण मधाचं नाहीच जमणार हो. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय, वर्षाच्या आत मधाचा थेंबही नाही. मधात कधीकधी असे जंतू असतात, की तुमचं आमचं काही बिघडत नाही, पण इतक्या लहान पोटाला ते सोसत नाहीत, जिवावर बेततं. गुटी नाही, पाणी नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. नाळेलाही काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. काजळ तर आईच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं मी. तुम्ही रागवाल, पण मी हटणार नाही.

बाकी लेक एकदम झकास! इतकी शहाणी, की काही विचारू नका. पहिल्या दिवशी केवढी रडली होती, आता आवाज नाही. कालपासून नुसती झोपते. पाजायला घेतलं की दोन घोट पिते आणि परत गुडूप. लंगोटसुद्धा फारसे भिजत नाहीत, धुण्याचं कामच वाचलं. माझा फोन नाही, पण आईच्या फोनवर मी एक रील चोरून बघते. त्यातला माणूस सांगतो, की झोपणारं बाळ म्हणजे तृप्त बाळ, त्याला उठवायचं नाही. आईचंही तेच मत. रंग तर काय सुंदर आलाय, हळद लावल्यासारखा!

माझ्यावरचा राग दोन दिवसांत उतरावा आणि माया तेवढी शिल्लक राहावी, ही विनंती.

आपली,
रुचिरा


बोरिवली,
७ नोव्हेंबर, संध्याकाळ

रुचिरा,

आशीर्वाद-बिशीर्वाद नंतर. सुशांतला चहासुद्धा न देता परत पिटाळते आहे. तुझ्या आईला फोन केला, पण मी इतकी ओरडले की तिला निम्मं कळलं नसेल, म्हणून लिहून देते.

तीन-चार दिवसांचं पोर भुकेने रडतं. ते रडत नाही, पीत नाही, मुतत नाही आणि वर हळदीसारखं दिसतं, याला शहाणपण म्हणत नाहीत. तुम्ही चोवीस तास तिच्याजवळ आहात, म्हणून तुम्हाला रंग दिसला नाही. मला इथे तुझ्या कागदावर दिसला. काय झालंय ते मला ठाऊक नाही आणि त्यावरचा उपायही ठाऊक नाही. कुणी उन्हात धर म्हणेल, कुणी हे उगाळ म्हणेल, कुणाचं ऐकू नकोस. उठव तिला, अंगाला लाव आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा. उद्या सकाळी नाही. आत्ता.

रत्नप्रभा कोयंडे (सही)


मुलुंड,
१० नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

हॉस्पिटलातून लिहिते आहे. सुशांतने फोनवर सांगितलं तेवढं तुम्हाला कळलं असेल, पण कागदावर माझ्याकडूनही जायला हवं.

कावीळ होती. चेहऱ्यापासून पार पोटाच्याही खाली पसरली होती. पुष्कळ बाळांना थोडी होते आणि आपोआप जाते, पण हिची बरीच वाढली होती. त्यात अंगावर नीट पीत नव्हती, त्यामुळे सुस्ती, आणि सुस्तीमुळे आणखी कमी पिणं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी सांगितलं, मी नाही आणलं, बोरिवलीहून हुकूम आला. तिला निळ्या दिव्याखाली ठेवली, डोळ्यांवर पट्टी बांधून. सुशांतला ती गॉगल लावून जुहूला पडलेली हिरॉईन वाटत होती आणि मला त्याला बदडावंसं वाटत होतं. मी खूप घाबरले होते आत्या. आयुष्यात इतकी कधीच घाबरले नव्हते.

आता उतरते आहे. उद्या घरी सोडतील. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, झोपली असली तर पाय चोळून उठवायचं. रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात, आणि पुन्हा सुस्त झाली, लंगोट कोरडे राहिले, अंग तापलं किंवा गार पडलं, तर वाट बघायची नाही, थेट आणायचं. नुसत्या उन्हावर विसंबायचं नाही, हेही तुम्ही लिहिलंत तेच निघालं.

त्या रीलवाल्याला मी आईच्या फोनवर शोधून पाहिला. त्याला आडनावसुद्धा नाही हो! साऱ्या खानदानाकडे सही मागितली आणि ज्याचं ऐकलं त्याच्याकडे मागायची राहिली. वाट लागली असती आपली.

एक आगाऊपणा केलाय. डॉक्टरीणबाईंकडून मधाचं दोन ओळींत लिहून घेतलंय, खाली त्यांची सही आहे. सोबत पाठवते. तुम्ही माझ्या लेकीचा जीव वाचवलात, आणि त्याच हाताला मी नाही म्हणते आहे. फार जड जातंय मला.

लोभ असावा, आणि शक्य झालं तर शुक्रवारी तो घेऊन मुलुंडला यावं.

आपली,
रुचिरा


बोरिवली,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रुचिरास,
अ. उ. आ. (मागच्या पत्रातले राहिलेलेही यात धर.)

पोर घरी आली, दूध मागायला भोकाड पसरते, हे सुशांतकडून कळलं. रडू दे गो, खूप रडू दे. तुझ्या त्या पहिल्या पत्रानंतर मी पोटभर जेवले ती कालच.

तुझ्या डॉक्टरीणबाईंची सही पाहिली. अक्षर भयंकर आहे, पण बाई नाव लपवत नाही, हे मला आवडलं. जीव मी वाचवला वगैरे लिहू नकोस, वाचवला त्यांनी. मी फक्त आरडाओरडा केला, तो मला जन्मापासून येतो.

शुक्रवारी मी येते आहे. अंगठी घालून येते आहे. बाटलीही आणते आहे. मधाचं काय ते तिथेच बघू.

माया आहे ती आहेच, ती काय मागून वाढते?

तुझी,
रत्नप्रभा आत्या (सही)


मुलुंड,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यांस,
शि. सा. न. वि. वि.

बारशाला तुम्ही समोरच होतात, तरी लिहिते, कारण हे माझ्या सहीनिशी तुमच्याकडे राहायला हवं.

तुम्ही पाळण्यात वाकून तिच्या कानात रेवती म्हणालात, पाठीवर बायकांचे धपाटे खाल्लेत आणि मग बाटली काढलीत. सुशांतचा चेहरा पांढराफटक. लवूकाका मान डोलावून लाव लाव म्हणत होते. तुम्ही अंगठी मधात बुडवलीत तेव्हा मी पाळण्यासमोर आडवी उभी राहिले. मनाशी ठरवलं होतं, चार लोकांसमोर तुमचा हात धरावा लागला तरी धरायचा.

आणि तुम्ही मलाच म्हणालात, की तोंड उघड.

लवूकाकांना तुम्ही काय सुनावलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. पोरीला सध्या जे काही मिळणार ते हिच्याकडूनच मिळणार, मग गोडवा आधी हिला नको का, म्हणालात. इतक्या दिवसांत मला सगळ्यांनी सांगितलं काय खाऊ नकोस, काय करू नकोस. भरवलं कुणी नव्हतं.

मध फार गोड होता, आत्या. बाटली वरच्या फळीवर ठेवली आहे. झाकणावर तुम्ही चिकटवलेला कागद आई येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते: रेवतीच्या पहिल्या वाढदिवसानंतरच उघडणे, रत्नप्रभा कोयंडे. खाली थोडी जागा होती, तिथे मीही सही केली.

रेवती उठली, ओरडते आहे. आवाज थेट तुमच्यावर गेलाय. पत्र इथेच थांबवते.

तुमचीच,
रुचिरा