मी चौदा वर्षांची कधी झाले

सोमवार, ८ मार्च १९६५

प्रिय रूलोफदादा,

तुझी तब्येत ठणठणीत असेलच. पोरांवर डाफरायला जोर लागतो आणि तो तुझ्यात कधी कमी नव्हता. इकडे थंडी हटत नाही, कोंबड्या अंडी देईनात. वहिनीचं कुशल विचारत नाही. का ते पुढे येईल.

माझ्या डायरीची छपाईची प्रत तू काल वहिनीच्या हाती पाठवलीस, ती मिळाली. पाकीट छान चिकटवलं होतंस. जर्मनांच्या तावडीतून गाव सुटल्याला वीस वर्षं होतात म्हणून समिती ती छापणार आणि तू ती 'जरा नीट करून' दिलीस. धन्य आहे तुझी. महिन्याच्या कपड्यांची माझी कटकट गेली. आईशी झालेली भांडणं गेली. बटाटे, विमानं आणि जेवणाआधीची प्रार्थना तेवढी उरली. अठरा वर्षांची घोडी मी, तुझ्या जांभळ्या पेन्सिलीने चौदाची झाले. चौदाव्या वर्षीच्या प्रेमाला लोक कौतुकाने हसतात, अठराव्या वर्षीचं खरं धरतात. तुझ्यासारख्या हेडमास्तराला एवढं बरं कळतं.

आणि हा हेंड्रिक कोण? चव्वेचाळीसच्या त्या उपासमारीच्या हिवाळ्यात चादरींच्या बदल्यात बटाटे मागायला शहरातून सायकलवरून आला आणि पाच महिने आपल्याकडे राहिला म्हणे. असला शेळपट मुलगा मला आवडला असता, असं तुला वाटलं तरी कसं?

पण एक विसरलास. आपल्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे, सगळ्यांच्या घरी असतं तसंच. आईने त्यात जन्मसालंही लिहिलीत. काल चर्च सुटल्यावर समितीतले पाद्रीबुवा, तुझी प्रत वाचलेले, कॉफीला आले, आत जाऊन निवांत बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "यांतिनाबाई, तुमचा जन्म सव्वीसचा. मग त्या हिवाळ्यात चौदा वर्षांच्या कशा?"

"ते आमच्या दादाला विचारा," मी म्हटलं.

ते गेले. वहिनीने कप खाली ठेवला. "मूळ वही दाखव," म्हणाली.

मी दिली. वीस वर्षं कपाटात दडवलेली, तुझ्याखेरीज कोणालाही न दाखवलेली वही मी दिली, दादा. हेंड्रिकच्या जागी प्रत्येक पानावर तिचंच नाव आहे, हे तुला माहीत होतं. 'फेमी परत गेली तर मी जगणार नाही', तेही तू वाचलं होतंस.

बराच वेळ ती वाचत होती. मग म्हणाली, "रूलोफ म्हणाला होता, तू मला कंटाळलीस. माझं तोंड बघायचं नाही म्हणालीस. म्हणून मी शहरात परत गेले. म्हणून त्याला लग्नाला हो म्हटलं."

तुझ्यात एवढी हिंमत असेल असं वाटलं नव्हतं. खोटं बोलायचीच का असेना.

समितीला कळवलंय, मूळ वही छापा, नाहीतर काहीच छापू नका. नावासकट. हे फेमीनेच सांगितलं.

ती काल घरी आली नाही म्हणून शोधू नकोस. तिची सायकल माझ्या दाराशी आहे, आणि पडदे मी नेहमीसारखे उघडे ठेवलेत. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दोघी दिसतील. ती बटाटे सोलते आहे.

तुझी धाकटी बहीण, पण तू केलीस तितकी धाकटी नाही,
यांतिना